पंप पाणी पीत नाही

१२ जानेवारी, मोहटोला

काम मिळालं. बल्लारपूरच्या दुकानात बसून आयुष्यभर लोकांचे फ्रीज आणि कूलर दुरुस्त केले, आता पहिल्यांदाच एक अख्खी इमारत माझ्या हवाली झाली आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाहून गडचिरोलीकडे जाताना जंगलात शिरणाऱ्या फाट्यावरचं हे गाव. इथे एका ट्रस्टचा बाळंतिणींचा दवाखाना आहे. एक लांब वॉर्ड, वर स्लॅब, स्लॅबवर सोलर आणि मागच्या भिंतीला लागून गावाची बोडी. तलाव म्हटलं तर तलावांना राग येईल एवढीच आहे, पण पाणी बारमाही.

निघताना दीपालीने ही डायरी पिशवीत टाकली. "रोज लिहत जा," म्हणाली. "अन् खरं थेच लिहजा. नाई त घरी येऊन चाराचे चाळीस करून सांगता तुमी." बायकोला नवऱ्याची एवढी पारख असू नये.

इथल्या सर्वेसर्वा दुर्गा सिस्टर. डॉक्टर अधूनमधून येतात, बाकी दवाखाना यांच्या पदराला बांधलेला. त्यांनी चहा देतानाच विचारलं, "हिवाळ्यात शेगडीच्या धुरानं लेकरं खोकलतेत, उन्हाळ्यात कूलर गरम हवा फेकते. तुमचा पंप याच्यातलं का बंद करते?"

"दोन्ही," मी म्हणालो. त्यांचा विश्वास बसला नाही हे दिसत होतं.

१५ जानेवारी

आज गावसभा झाली. बोडी गावाची, तिच्यात पाइप टाकायचे तर गावाला विचारायलाच हवं. मी 'हीट पंप' म्हणालो आणि माणसं एकदम खूश झाली. मला वाटलं, वा, गाव हुशार दिसतं. तेवढ्यात लटारूभाऊ नावाचे एक धानवाले उठले. "मंग आमच्या धानाच्या बांध्यायले पानी कवापासून सोडता?" सगळ्यांनी फक्त पंप तेवढा ऐकला होता.

मग मी बल्लारपूर स्टेशनवरचा हमाल त्यांच्यापुढे उभा केला. हमाल सामान तयार करत नाही, इकडचं उचलून तिकडे ठेवतो. हा पंप गरमीचा हमाल आहे. फ्रीजच्या पाठीला हात लावून बघा, गरम लागते, कारण आतली गरमी तिथे आणून टाकलेली असते. उन्हाळ्यात हा वॉर्डातली गरमी उचलून बोडीत ठेवणार. हिवाळ्यात उलटा फिरणार आणि पाण्यातली गरमी उचलून वॉर्डात आणणार. हीटरला गरमी बनवावी लागते, म्हणून तो वीज खातो. हा नुसती वाहतो, म्हणून एकाच्या जेवणात चौघांचं काम करतो आणि स्लॅबवरच्या सोलरवर भागतं. आता कोणी म्हणेल, हवेतच टाका की गरमी, बोडी कशाला? तर मे महिन्यात आपली हवाच सत्तेचाळीसवर जाते. तिच्यात गरमी टाकायची म्हणजे डोक्यावर पेटी घेऊन स्टेशनचा जिना चढायचा. पाणी थंड असतं, तिथे टाकणं म्हणजे सपाट फलाटावरून चालत जाणं.

हे सगळं झाल्यावर सुकलूभाऊ बोलले. हे गावचे भूमक, म्हणजे देवधर्म आणि बोडी-जंगलाचे रिवाज यांच्या शब्दाने चालतात. वय झालेला, कमी बोलणारा माणूस. "पानी कमी त नाई होनार?"

"पंप पाणी पीत नाही," मी म्हणालो. "बंद पाइपातलं पाणी फिरतं, बोडीचा थेंबसुद्धा आत येत नाही."

हे वाक्य इतकं झकास जमलं की मी ते परत परत म्हटलं. शेवटी पोरंही ओरडायला लागली, पंप पानी पेत नाई. ठराव झाला.

१९ जानेवारी

कमळाबाई, दवाखान्यातल्या आया, म्हणाल्या, "भाऊ, थे गुंड मोकळा करून द्या." गुंड म्हणजे पाण्याची मोठी घागर. मी मुकाट्याने तिच्यावरचं झाकण काढून बाजूला ठेवलं. त्या हसून हसून खाली बसल्या. मोकळा करायचा म्हणजे पाणी ओतून रिकामा करायचा होता. आमच्या बल्लारपुरात दहा मुलखांची माणसं, भाषेची खिचडी, आम्हाला ही झाडी बोली पुरती कळत नाही. दीपाली माहेरची इकडचीच, तिला फोनवर सांगितलं तर म्हणते, "मंग का गुंडाले कैदेत ठेवाचं?"

५ फेब्रुवारी

चालू झाला. पहाटे बाहेर दात वाजत होते आणि वॉर्डात बायका शाली काढून बसल्या होत्या. ना धूर, ना राख. एका म्हातारीने खाटेखाली वाकून शेगडी कुठे लपवली ते शोधलं. बाळंतिणींना न्हायला गरम पाणीही हाच पंप देतो. दुर्गा सिस्टरच्या चहात आज साखर जास्त होती.

पाइपांची वेटोळी बोडीच्या सगळ्यात खोल जागी बसवली आहेत, कारण तळाशी पाणी थंड राहतं. जागा सुकलूभाऊंनीच दाखवली. "उन्हाळ्यात सारी मासोळी इथीच दबून रायते," म्हणाले. माशांना आणि मला एकच जागा पसंत पडली, याचा मला जरा अभिमानच वाटला.

२१ मार्च

पंप उलटवला. आजपासून थंडावा. आतला गारवा बाहेर गळू नये म्हणून सगळ्या खिडक्यांना पक्की काच लावून कडा सिलिकॉनने बंद केल्या, आतून थर्माकोल. जुने कूलर भंगारात दिले.

"एखांदी खिडकी त उघडाची राहू द्या," दुर्गा सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, भोक ठेवून कोणी घागर घडवतं का?"

म्हशी पाइपांवर लोळायला लागल्या होत्या, म्हणून खोल जागेभोवती बल्ल्या रोवून काटेरी तार ओढली. आता त्या बाजूला कोणी फिरकत नाही. पोरांनी तोंडं वाकडी केली, पोहायची जागा गेली म्हणून.

१८ एप्रिल

सुकलूभाऊंची मुलगी सोमारी बाळंत झाली. दिवस भरायच्या आधीच. बाळ एवढंसं आहे, माझ्या पान्ह्यांच्या डब्यात मावेल. डॉक्टर म्हणाले गडचिरोलीला नेलं तर बरं, पण या उन्हात वाटेतच काही होईल अशी भीती. दुर्गा सिस्टर म्हणाल्या, "याले ना गरम चालत, ना थंड. एकसारखं पाह्यजे. बाहेर असतं त मी हमी देली नसती. या वॉर्डात देतो."

म्हणजे माझ्या वॉर्डात. मी बाहेर येऊन उगीच बोल्ट आवळत बसलो. डोळे भरून आले होते, आणि मेकॅनिकने तसं दिसू नये. सुकलूभाऊ ओसरीवर बसले होते. मला म्हणाले, "भाऊ, तुमच्या पंपानं जगून राह्यला नातू माह्या." मी त्यांचा हात हातात घेतला. आजपर्यंत कोणाचा फ्रीज दुरुस्त करून असं कधी वाटलं नव्हतं.

२९ एप्रिल

चंद्रपूरचा पारा रोज पेपरात पहिल्या पानावर येतो. वॉर्डात मात्र बायका पांघरूण मागतात. सोमारीचं बाळ छातीशी बांधलेलं असतं, दूध ओढायला लागलं आहे.

एक गोष्ट लिहून ठेवतो. बोडीतून परत येणारं पाइपातलं पाणी हल्ली कोमट आहे. बोडी आटून निम्मी झाली, ती दर उन्हाळ्यात होतेच म्हणा. पण पाणी कमी आणि ओझं तेवढंच. तारेच्या आत वाकून हात घातला तर तळाशीही गारवा लागला नाही. जमिनीत खोल बोअर मारून पाइप सोडले असते तर हा प्रश्नच नव्हता, पण यंत्र मिळेपर्यंत उन्हाळा निघून गेला असता आणि बोडी आयती समोर होती. लटारूभाऊ म्हणाले, "यंदा बोडी लवकर बसून राह्यली. पंप पेते का जी?" मी हसलो. पंप पीत नाही. कोमट पाण्याची वाफ जास्त होते हे मला माहीत आहे, पण एवढ्याशा फरकाने काय होणार. पावसापर्यंत निभेल.

६ मे

गावात आज लगबग आहे. बायका जुनी जाळी शिवत बसल्या आहेत. सकाळी बोडीवर गेलो तर पाण्यावर सगळीकडे माशांची तोंडं, उघडमीट चाललेली. बगळे कडेला रांगेने उभे. इतके जवळून मासे मी पहिल्यांदाच पाहिले.

सुकलूभाऊ काठावर उभे होते. "अजून रोहिनी नक्षत्र निघाचं हाय," ते म्हणाले, "अन् मासोळी वर आली. असं कवाच नाई झालं."

"चांगलं की वाईट?"

"मासोळी वर आली म्हन्जे बोलावून राह्यली गावाले. मंग थांबाचं नसते." हे सांगताना त्यांच्या कपाळाला आठी होती, पण आजूबाजूची पोरं नाचत होती. मला वाटतं म्हातारी माणसं आनंदातही आठी घालतात. पंपामुळे गावाला यंदा मासे लवकर मिळणार असतील तर माझं कुठे बिघडलं.

म्हशी दुपारी पाण्यात बसत नाहीत, झाडाखाली उभ्या राहतात. तार तर मी फक्त खोल भागाला लावली आहे, बाकी बोडी त्यांचीच आहे.

९ मे

चंद्रपूरच्या एका हॉटेलवाल्याचा फोन आला. रविवारी या म्हणतो, आमच्या हॉटेललाही असंच करून द्या. दुसरं काम! दीपाली फोनवर गप्पच झाली, म्हणजे तीही खूश आहे.

संध्याकाळी सुकलूभाऊ मुद्दाम भेटायला आले. पायातल्या चपला बाहेर काढून, दोन माणसं सोबत घेऊन. "भाऊ, रईवारी बोडी मोकळी करू म्हन्तो. साऱ्या गावाचं ठरलं. पन तुमाले इचारल्याबिगर नाई. तुमच्या पंपाले काई होत त नाई?"

माझ्या तारेचा एवढा मान ठेवला, मला बरं वाटलं. "करा ना मोकळी," मी म्हणालो. "तार मी स्वतः काढून देतो. आणि पंपाचं काय विचारता, किती वेळा सांगितलं? पंप पाणी पीत नाही."

सगळे हसले. सुकलूभाऊंच्या कपाळाची आठीसुद्धा गेली. "आतमंदी नातू हाय म्हनून इचारलं, भाऊ. तुमाले मालूम, मंग आमाले चिंता नाई." जाताना म्हणाले, "तुमचाई वाटा राहीन. इथं चूल हाय तुमची."

१० मे

तार काढली, बल्ल्या उपटल्या. पोरांनी माझ्या नावाने आरोळी ठोकली. परतीचं पाणी आज फारच गरम आहे, यंत्र कण्हल्यासारखं आवाज करतं. सोमवारी आलो की बघतो.

१२ मे

खरं तेच लिहितो.

काल सकाळी चंद्रपूरला गेलो. हॉटेलवाला गार केबिनमध्ये बसून विचारत होता, आमची गरमी कुठे टाकणार, आणि मी ऐटीत सांगत होतो की तुमच्या पोहण्याच्या टाकीत. बैठकीसाठी फोनचा आवाज बंद केला होता. परत येताना मूलला चहाला थांबलो तेव्हा फोन पाहिला. दुर्गा सिस्टरचे कॉल एकाखाली एक. लावला तर लागेना. गावात रेंज येते-जाते, त्या बाईने मोठ्या रस्त्यापर्यंत चालत येऊन ते फोन केले होते.

गावात शिरलो तेव्हा समोरून बायका येत होत्या. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर टिनाचे डबे, डब्यांत मासे. एका पोरीने मला बघून हसून मोठा मासा उचलून दाखवला. तेव्हा मला कळलं. गुंड आठवला. झाकण काढून बाजूला ठेवलेला तो गुंड.

बोडी मोकळी झाली होती. पाळीला, म्हणजे बोडीच्या बांधाला, चर खणून पाणी खालच्या धानाच्या बांध्यांत सोडलं होतं आणि उरलेलं डब्यांनी उपसलं होतं. जिथे मासे दबून राहायचे तिथे नुसता चिखल, आणि चिखलावर माझे काळे पाइप उन्हात पडलेले. हात लावला तर चटका बसला. हमालाला ओझं उतरवायला जागाच ठेवली नव्हती. पंप केव्हाच आपोआप बंद पडला होता.

वॉर्डाचं दार सताड उघडं आणि त्यातून लू आत जात होती. आत भट्टी. छत तापलेलं, काचा तापलेल्या, पंखेसुद्धा मी लावू दिले नव्हते, गरज काय म्हणून. बायका ओल्या लुगड्यांत गुंडाळून दाराशी बसल्या होत्या. दुर्गा सिस्टर खिडकीच्या कडेचं सिलिकॉन कात्रीने खरवडत होत्या. त्यांची बोटं कापली होती. माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही त्यांनी. "मी गाववाल्यायले थांबवून पाह्यलं," म्हणाल्या. "म्हनले, भाऊनं सांगतलं हाय."

सुकलूभाऊ चिखलाने माखलेल्या अंगाने तसेच आत आले, हातातल्या कुदळीने काच फोडली, मग दुसरी. थर्माकोलचे तुकडे सगळ्या वॉर्डभर उडाले. हवा आली ती बाहेरची, सेहेचाळीस डिग्रीची.

सोमारीचं बाळ दूध ओढत नव्हतं. डोळे अर्धवट. मी गाडी काढली. फ्रीज-मेकॅनिकची गाडी, तिला एसी नाही. मागे सोमारी, दुर्गा सिस्टर, मध्ये ओल्या कापडात ते. सुकलूभाऊ माझ्या बाजूला बसले, चिखल त्यांच्या अंगावर वाळून भेगाळत होता. वाटेत सिस्टर त्याचे ओठ ओले करत राहिल्या आणि मी आरशात बघणं टाळत राहिलो. वैनगंगेचा पूल लागला तेव्हा मागून सोमारीचा आवाज आला. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "बा, गाडी वापस घे म्हना." सुकलूभाऊंनी माझ्या हातावर हात ठेवला. मी पुलावरच गाडी वळवली.

१४ मे

पाळीचा चर लोकांनी बुजवला. लटारूभाऊ सकाळी येऊन विचारून गेले, पंप दुरुस्त होते का. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. बाकीच्या बाळंतिणींना मूलला हलवलं आहे.

दीपालीला सगळं सांगितलं. चाराचे चाळीस केले नाहीत. ती म्हणाली, "त्यायनं तुमाले इचारलं होतं." एवढंच.

हो. विचारलं होतं. चपला बाहेर काढून विचारलं होतं.

१९ मे

सामान बांधत होतो. सुकलूभाऊ आले. हातात पळसाच्या पानांचे दोन पुडे, आत वाळवलेले मासे. ओसरीवर ठेवले.

"हा तुमचा वाटा. त्या दिशी तुमाले द्याचा रायला."

"आणि हा?"

"नातवाचा. वाटनी सकाळीच झाली होती, थ्यालेबी धरलं होतं. आता घरी कोनी खात नाई. तुमीच ठेवा."

मी बसा म्हणालो, ते बसले. समोर बोडी, भेगा पडलेली. मला वाटलं, आता बोलतील, आता विचारतील, मोकळी म्हणजे तुम्हाला काय वाटलं होतं. त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. भाषेची चूक झाली, शब्दाने घात केला, हे सगळं मनात जुळवून ठेवलं होतं.

त्यांनी ते विचारलंच नाही. बोडीकडे बघत म्हणाले, "भाऊ, तुमी शिकले हा, तुमाले मालूम असन. रोहिनीच्या आंधीच मासोळी वर काऊन आली यंदा? थे नसती आली त आमी बोडीले हात नसता लावला."

मला माहीत होतं. तळाशी हात घालून गारवा नाही हे मी पाहिलं होतं, एकोणतीस एप्रिलला इथेच लिहूनही ठेवलं आहे. वॉर्डातली सगळी गरमी मी माशांच्या त्या एकमेव गार जागेत रोज नेऊन ओतत होतो.

"ऊन जास्त आहे यंदा," मी म्हणालो.

"व्हय," सुकलूभाऊ म्हणाले. "ऊन लय हाय." आणि उठून गेले.

पुडे अजून ओसरीवरच आहेत, मुंग्या लागल्या आहेत. दीपाली म्हणाली होती, खरं तेच लिहा. मासोळी माझ्यामुळे वर आली. हे मी इथे लिहिलं आहे. त्यांना सांगितलेलं नाही.